टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट आणि मी न विचारलेला प्रश्न



मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी मोबाईलवर रक्ताच्या रिपोर्टचा फोटो आला. 'टोटल टेस्टोस्टेरॉन' या ओळीभोवती कोणीतरी पेनाने गोल केला होता. आकडा २४६ आणि शेजारी खाली तोंड केलेला ठळक बाण. खाली लिहिलं होतं, "डॉक्टर, माझ्या पुतण्याचा आहे. वय २७. दोन महिन्यांनी लग्न आहे. त्याला तुमच्याकडेच पाठवतोय. माझ्या वेळी जे विचारलं नव्हतं, ते ह्याला आधी विचारा."

पाठवणाऱ्याचं नाव मी लगेच ओळखलं. सुमारे अठरा वर्षांपूर्वी या गृहस्थांच्या अशाच एका आकड्यावर मी उपचार केले होते आणि ते चुकले होते. या विषयावर लिहा, असं बरेच वाचक सुचवत असतात. मी टाळत होतो, कारण लिहायचं तर ही गोष्ट सांगावी लागली असती. आता काका-पुतणे दोघांची परवानगी घेऊन सांगतो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तेव्हा काय झालं होतं

मी तालुक्याच्या गावी नुकताच दवाखाना टाकला होता. हे गृहस्थ साखर कारखान्यात कामाला. वय ३१, लग्नाला तीन वर्षं झालेली. गळीत हंगाम सुरू होता, पाळ्या बदलत होत्या. तक्रार अशी की सतत थकवा येतो, कशात मन लागत नाही आणि (हे बरंच चाचपडत सांगितलं) बायकोजवळ जावंसं वाटत नाही.

मी रक्ततपासणी लिहून दिली. पाळी संपवून, चहा-भजी खाऊन, संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्यांनी रक्त दिलं. टेस्टोस्टेरॉन २३८ आलं. त्या लॅबची नॉर्मल रेंज २८० पासून सुरू होत होती. तक्रार जुळली, आकडा जुळला. मी दर तीन आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉनचं २५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन सुरू केलं.

आणि त्यांना खरंच बरं वाटलं. दोन महिन्यांत माणूस हसतमुख झाला, उत्साह आला, इच्छाही परत आली. मलाही आपण फार अचूक निदान केलं असं वाटत होतं. चौदा महिने हे इंजेक्शन चाललं.

मग एक दिवस ते बायकोला घेऊन आले. हातात वीर्यतपासणीचा रिपोर्ट. त्यात लिहिलं होतं, शुक्रजंतू आढळले नाहीत. एकही नाही.

त्या बाई शांतपणे बोलल्या. "डॉक्टर, दीड वर्ष माझ्याच तपासण्या चालल्यात. सोनोग्राफी झाली, रक्त झालं, नळीचा एक्स-रे झाला. सासूबाईंनी सांगितले ते उपवास केले. ह्यांची तपासणी कुणी सांगितलीच नाही, कारण ह्यांना तर तुमचं ताकदीचं इंजेक्शन चालू होतं. ते ताकदीचंच होतं ना?"

मूल हवं आहे का, हा एक प्रश्न मी चौदा महिन्यांपूर्वी विचारला नव्हता. लग्नाला तीन वर्षं झालेल्या, मूल नसलेल्या माणसाला!

ताकदीचं इंजेक्शन शुक्रजंतू कसे थांबवतं

गावाकडची विहीर डोळ्यांसमोर आणा. विहिरीवर मोटार, घरावर पाण्याची टाकी. टाकीतली पातळी खाली गेली की मोटार आपोआप चालू होते, टाकी भरली की बंद पडते. मोटारीच्या शेजारी एक भाजीचा वाफा आहे. मोटार चालू असली की त्याला थेट भरपूर पाणी मिळतं.

टाकी म्हणजे आपलं रक्त आणि मोटार म्हणजे वृषण. ती चालू-बंद करण्याचं काम मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी करते. ती दोन संप्रेरकं सोडते. एलएच वृषणाला सांगतं, टेस्टोस्टेरॉन बनव. एफएसएच सांगतं, शुक्रजंतू बनव.

आता समजा, टँकर बोलावून टाकी वरूनच भरली. पातळी वर दिसते, म्हणून मोटार चालूच होत नाही. टाकीत पाणी आहे, घरात नळाला पाणी येतंय, पण मोटारीशेजारचा वाफा वाळतो. शुक्रजंतू तयार व्हायला वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त लागतं. ते फक्त वृषणाने स्वतः बनवलं तरच मिळतं. बाहेरून इंजेक्शन दिलं की पिट्युटरी एलएच आणि एफएसएच सोडणं जवळजवळ बंद करते. रक्तातला आकडा उत्तम दिसतो आणि वाफा कोरडा पडतो.

हे वैद्यकशास्त्राला केव्हाच ठाऊक होतं. जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून टेस्टोस्टेरॉनच्याच इंजेक्शनची चाचणी घेतली होती. तिचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिल्यावर सहा महिन्यांत सुमारे ६५ टक्के पुरुषांच्या वीर्यात एकही शुक्रजंतू उरला नाही. म्हणजे जे औषध संततिनियमनासाठी तपासलं गेलं होतं, तेच मी मूल हवं असलेल्या जोडप्याला देत होतो.

मी त्या दोघांना सांगितलं, "चूक माझी आहे. तुमच्यात दोष निघालेला नाही." इंजेक्शन बंद केलं. पुढचे महिने वाईट गेले. बाहेरचा पुरवठा थांबला आणि स्वतःची मोटार अजून सुरू झालेली नाही, अशा काळात माणूस पार गळून जातो. सातव्या महिन्यात वीर्यात थोडे शुक्रजंतू दिसले. तेराव्या महिन्यात प्रति मिलिलिटर २ कोटी २० लाख. बहुतेकांमध्ये साधारण वर्षभरात शुक्रजंतू परत येतात, काहींना दोन वर्षंही लागतात. त्यांची मुलगी आता दहावीत आहे. पण त्या बाईंनी सोसलेलं दीड वर्ष कुठल्याही रिपोर्टमध्ये आलं नाही.

आकडा कमी आला म्हणजे काय

पुतण्या दवाखान्यात आला तो घाबरलेलाच. "सर, २४६ म्हणजे माझं संपलंय का? लग्न पुढे ढकलू का?"

मी त्याला आधी विचारलं, रक्त कधी दिलंस? तो पुण्यात अमेरिकन कंपनीसाठी रात्रपाळी करतो. शुक्रवारची रात्रपाळी, शनिवारी सकाळी तीन तास झोप, मग मित्रांबरोबर मिसळ आणि दुपारी साडेबाराला घरी आलेल्या माणसाने रक्त नेलं. 'फुल बॉडी पॅकेज'मध्ये ही तपासणी होतीच. आणखी खोदून विचारल्यावर कळलं की दहा दिवसांपूर्वी १०२ ताप होता.

यातली प्रत्येक गोष्ट हा आकडा खाली ओढते.

टेस्टोस्टेरॉन दिवसभर सारखं नसतं. झोपेत ते वाढत जातं, उठण्याच्या सुमाराला सर्वात जास्त असतं आणि मग उतरतं. तरुण माणसात सकाळ आणि संध्याकाळच्या आकड्यांत पाव हिश्शाचा फरक सहज पडतो. म्हणून रक्त सकाळी ७ ते १० च्या दरम्यान द्यायचं. रात्रपाळीवाल्यांनी पुरेशी झोप घेऊन, उठल्यावर दोन-तीन तासांच्या आत.

खाण्यानेही ते उतरतं. साखरेचं पाणी प्यायल्यावर काही वेळातच हा आकडा सरासरी २५ टक्क्यांपर्यंत घसरलेला आढळला आहे. म्हणून रक्त उपाशीपोटी द्यायचं.

झोपेचंही तसंच. शिकागो विद्यापीठात २०११ मध्ये तरुण मुलांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के घटलं. आपल्याकडे कित्येकांची ही रोजचीच झोप आहे.

आणि आजारपण. ताप, शस्त्रक्रिया, अपघात, मोठा मानसिक ताण अशा वेळी शरीर हा कारखाना तात्पुरता मंद करतं. आजारातून उठून किमान तीन-चार आठवडे गेल्याशिवाय ही तपासणी करूच नये. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि अफूच्या वर्गातली वेदनाशामकं चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगावं.

शेवटी तो बाण. लॅब साधारण ९५ टक्के निरोगी लोक ज्या हद्दीत बसतात तिला नॉर्मल रेंज म्हणते. म्हणजे शंभर निरोगी माणसांपैकी दोन-तीन जण त्या रेषेच्या खाली असणारच. शिवाय ही रेषा प्रत्येक लॅबची वेगळी. अमेरिका-युरोपातल्या चार मोठ्या अभ्यासांची सांगड घालून २०१७ मध्ये १९ ते ३९ वयाच्या, लठ्ठ नसलेल्या पुरुषांसाठी २६४ ते ९१६ ही रेंज काढली गेली. काही तज्ज्ञ ३०० ही खालची मर्यादा मानतात. यंत्राला बाण छापताना यातलं काहीच माहीत नसतं.

एककही पाहा. आपल्याकडे बहुतेक लॅब नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर वापरतात, इंग्लंड-ऑस्ट्रेलियात नॅनोमोल प्रति लिटर. लंडनच्या एका मराठी वाचकाने मध्यंतरी "माझं फक्त १४ आहे" असं घाबरून कळवलं होतं. तिकडच्या आकड्याला २८.८ ने गुणा. १४ म्हणजे आपले सुमारे ४०३. अगदी व्यवस्थित.

टोटल, फ्री आणि ते एसएचबीजी

रक्तातलं जवळजवळ सगळं टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटून फिरतं. काही अल्ब्युमिनला सैलसर, तर काही एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला घट्ट. अगदी मोकळं असतं ते साधारण दोन टक्केच. टोटल म्हणजे या सगळ्याची बेरीज.

पोट सुटलेलं असेल, टाईप २ मधुमेह असेल, थायरॉइड कमी असेल तर एसएचबीजी कमी होतं. मग टोटल कमी दिसतं, पण मोकळं टेस्टोस्टेरॉन पुरेसं असू शकतं. माझ्याकडे येणाऱ्या चाळिशीतल्या, कमरेचा घेर वाढलेल्या कितीतरी पुरुषांची हीच गोष्ट आहे. त्यांचं वजन उतरलं की आकडाही वर सरकतो. उलट वय वाढलं, लिव्हर सिरॉसिस झाला, थायरॉइड जास्त झालं की एसएचबीजी वाढतं. तेव्हा टोटल छान दिसत असूनही मोकळं कमी असू शकतं.

म्हणून टोटल रेषेच्या आसपास असेल तर एसएचबीजी आणि अल्ब्युमिन तपासून मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचा हिशेब करतात. पॅकेजमध्ये जे थेट मोजलेलं 'फ्री टेस्टोस्टेरॉन' येतं, ती पद्धत बहुधा भरवशाची नसते. त्यावर कोणताही निर्णय घेऊ नका.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर त्याही सांगा. मोठ्या डोसमधलं बायोटिन काही यंत्रांना फसवतं. टेस्टोस्टेरॉन आहे त्यापेक्षा जास्त आणि एलएच, टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतं. तपासणीआधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवायला सांगतात.

खरंच कमी असेल तर

दोन वेगवेगळ्या सकाळी आकडा कमी आला आणि तक्रारीही असल्या, तर पुढचा प्रश्न 'का?' हा असतो. त्याचं उत्तर एलएच आणि एफएसएच देतात.

टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच जास्त असेल, तर पिट्युटरी ओरडून सांगतेय पण वृषणाला जमत नाही. गालगुंडात वृषणाला सूज येऊन गेलेली असू शकते, किंवा क्लाइनफेल्टर सिंड्रोम, म्हणजे जन्मतःच एक जादा एक्स गुणसूत्र. दोन्ही कमी असतील, किंवा टेस्टोस्टेरॉन कमी असूनही एलएच नुसतं 'नॉर्मल' असेल, तर वरूनच हुकूम येत नाही. मग प्रोलॅक्टिन आणि शरीरातलं लोह तपासतात, गरज असेल तर पिट्युटरीचा एमआरआय. तिथे प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ निघाली तरी धीर सोडू नका. अशा बहुतेक गाठी गोळ्यांनीच आकसतात. पण हे न तपासता टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू केलं, तर गाठ तशीच राहते आणि आकडा मात्र सुधारलेला दिसतो.

तक्रारींचंही तारतम्य हवं. थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं याला पन्नास कारणं असतात. कामेच्छा कमी होणं, पहाटेची ताठरता जाणं, संबंधाच्या वेळी ताठरता न येणं या तीन तक्रारींचा टेस्टोस्टेरॉनशी संबंध जास्त जवळचा आहे.

ज्यांना खरोखर कमतरता आहे त्यांना टेस्टोस्टेरॉनचा मोठा फायदा होतो, हाडांना, स्नायूंना, मनाला. त्यांनी हा लेख वाचून उपचार सोडू नयेत. फक्त त्यांचा हिमॅटोक्रिट आणि वयाप्रमाणे पीएसए ठरावीक काळाने तपासावा लागतो. आणि मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉन न देता वृषणालाच काम करायला लावणारी दुसरी औषधं काही जणांना उपयोगी पडतात. ती तज्ज्ञाकडूनच घ्यावीत.

पुतण्याचं पुढे काय झालं

त्याला मी दार बंद करून आणखी एक विचारलं. "जिममध्ये काही घेतलंस का? मला खरं सांग, काकांना कळणार नाही." जिमचं इंजेक्शन घेणाऱ्याचं एलएच तळाला जातं. ते थांबवल्यानंतर कित्येक महिने टेस्टोस्टेरॉनही खालीच असतं, आणि तो रिपोर्ट पाहून जिमवाला पुन्हा इंजेक्शनच सुचवतो.

त्याने घेतलं नव्हतं. पण रिपोर्ट पाहून जिमच्या ट्रेनरने कुपी आणून दिली होती. ती त्याच्या खोलीतल्या कपाटात होती. सोमवारी टोचायची ठरली होती.

"मुलं हवीत का रे तुला?" मी विचारलं. तो लाजला. "सर, आम्हा दोघांनाही हवीत."

कुपी त्याने दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आणून दिली. ताप जाऊन महिना उलटल्यावर, चार दिवस सुट्टी घेऊन रात्रीची नीट झोप झाल्यावर, सकाळी आठला उपाशीपोटी रक्त दिलं. ३८८. पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा, ४२१. एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन व्यवस्थित.

मग थकवा कशाचा? तो खोटा नव्हता. रोजची साडेचार तासांची झोप आणि तीही दिवसाउजेडी, हे त्याचं कारण होतं. त्यावर इंजेक्शन नाही. पाळी बदलून मागायची होती, ती त्याने मागितली आहे. अजून मिळालेली नाही.

काकांना मी फोन केला. ते म्हणाले, "विचारलंत ना?" मी म्हटलं, "हो, विचारलं."

थोडक्यात, रिपोर्ट हातात आल्यावर

१. रक्त सकाळी ७ ते १० दरम्यान, उपाशीपोटी, नीट झोप झाल्यावर आणि आजारपणापासून तीन-चार आठवडे दूर असताना दिलं होतं का? नसेल तर तो आकडा बाजूला ठेवा.

२. एका रिपोर्टवर कधीच उपचार सुरू करू नका. वेगळ्या दिवशी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, पुन्हा तपासा.

३. पुन्हा कमी आलं तर एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन आणि गरजेप्रमाणे एसएचबीजी झाल्याशिवाय इंजेक्शन किंवा जेल घेऊ नका.

४. पुढे मूल हवं असेल तर ते डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. आपणहून सांगा. आणि मूल होत नसेल तर पहिल्याच भेटीत नवऱ्याची वीर्यतपासणीही करून घ्या. ती सर्वात सोपी आणि स्वस्त तपासणी आहे.

५. जिममधून, ऑनलाईन किंवा मित्राकडून आलेलं काही घेतलं असेल तर लाज न बाळगता सांगा. आम्ही रागावत नाही.

सध्या टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन चालू असलेल्यांनी हे वाचून ते एकदम बंद करू नये. आपल्या डॉक्टरांना भेटा, रिपोर्ट समोर ठेवा आणि वरचे प्रश्न विचारा. हा लेख माहितीसाठी आहे, तपासणीला पर्याय म्हणून नाही.

काळजी घ्या, आणि आज रात्री वेळेवर झोपा.